आधी फर्स्ट पीस, मग लॉट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



"घरी बसून नेमकं काय करतेस गं तू?" हा प्रश्न मला जिन्यात इतक्या वेळा विचारला गेलाय, की भाषणाचा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मी फ्रीलान्स डिझायनर आहे. लग्नपत्रिका करत नाही, तरी त्यासाठीही फोन येतात. कुणाच्या डोक्यात सॉफ्टवेअरची एखादी कल्पना असते. तिचं पहिलं, हातात घेऊन वापरून बघता येईल असं रूप मी तयार करते. आमच्या धंद्यात त्याला एमव्हीपी म्हणतात, मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट. एरिक रीस यांच्या २०११ च्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकानंतर हा शब्द सगळीकडे झाला.

आपल्या महाळुंग्यात मात्र हे समजावायला पुस्तक लागत नाही. १९९९ ला बजाजचा चाकणचा कारखाना आला, मग दहा-अकरा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा. इथल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी शॉपफ्लोअरवर उभं राहिलेलं आहे. तुम्हाला माहीत आहे, सेटिंग बदललं की आधी एक नग काढायचा, क्वालिटीकडे न्यायचा, व्हर्निअर लावायचा, सही झाली की मगच लॉट. मी सॉफ्टवेअरचा फर्स्ट पीस काढते. फरक एवढाच, की आमच्याकडे ड्रॉइंगच चुकीचं असण्याची शक्यता जास्त.

जेफ हॉकिन्स यांनी पामचा खिशात मावणारा संगणक करण्याआधी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरवला होता. मीटिंग ठरली की ठोकळा काढायचा आणि लिहिल्यासारखं करायचं. इतकं स्वस्त चालतं. आणि पुण्यातलंच उदाहरण घ्या. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारे प्रोग्राम लिहिले, त्यातून पुढे क्विक हील उभं राहिलं. गिऱ्हाईक आधीच दुकानात उभं होतं, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्याकडची एक गोष्ट सांगते, नावं न घेता. दोन तरुण माझ्याकडे आले. कल्पना अशी, की भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मशीन तासन् तास रिकामी असतात, तर ते तास विकणारं ॲप करायचं. आठ लाख तयार होते. पैसे कुठून आणले विचारलं, तर एकाच्या वडिलांच्या रिटायरमेंटचे. मला तिथेच पोटात कसंतरी झालं. कारण काम घेतलं असतं तर सहा महिने माझं घर आरामात चाललं असतं. मी त्यांना तीन आठवड्यांचं काम सांगितलं, तेही साठ हजारांत. खरं सांगू का, सहा महिन्यांचं काम विकणं सोपं असतं. तीन आठवड्यांचं सांगितलं की समोरच्याला वाटतं, हिला जमत नसेल.

पहिल्या आठवड्यात मी कागदावर स्क्रीन काढले, मग फोनवर बोटाने पुढे-मागे जातील असे केले. मागे काहीही नाही, नुसती चित्रं. ते घेऊन आम्ही तिघं वर्कशॉप फिरलो. सुपरवायझरच्या हातात फोन द्यायचा आणि गप्प उभं राहायचं. हे गप्प राहणं फार अवघड असतं, क्लायंटला तर हात धरून थांबवावं लागतं. तिथे कळलं, की तेलकट बोटांनी छोटी बटणं दाबली जात नाहीत, ग्लोव्हज घातले की फोन ऐकतच नाही, प्रेसच्या आवाजात बोलून नोंद करणं शक्य नाही. 'सबमिट'वर लोक अडायचे. तिथे 'माल पाठवला' लिहिलं, न सांगता दाबलं गेलं.

पण मोठी गोष्ट वेगळीच निघाली. दुसऱ्या आठवड्यात ॲपऐवजी या दोघांनी स्वतः फोन करून रिकामी मशीन आणि काम यांची गाठ घालून बघितली. जमेना. अनोळखी माणसाला पार्टीचं ड्रॉइंग कोण देणार? मशीन रिकामं आहे हे बाजारात कोण सांगणार? एका मालकाने तर सरळ सांगितलं, "मशीनचं आम्ही बघून घेऊ. प्लेटिंगला गेलेला माल कधी येतोय तेवढं सांगा, त्याचे पैसे देतो." हे वाक्य आम्हाला पुढच्या चार ठिकाणी वेगवेगळ्या शब्दांत ऐकू आलं. हीट ट्रीटमेंटला गेलेलं, प्लेटिंगला गेलेलं, चलन टेम्पोवाल्याच्या खिशात आणि इकडे पार्टीचा फोन.

वडिलांचे सात लाख चाळीस हजार बँकेतच राहिले. दोघांपैकी एकजण नोकरीत परत गेला. त्याला मशीनचंच करायचं होतं आणि त्याची निराशा मी बघितली, ती खोटी नव्हती. दुसऱ्याने चलनाचा फोटो काढून माल कुठे आहे ते दाखवणारं साधं काम सुरू केलं. आज अकरा वर्कशॉप महिन्याला पैसे देतात. मोठं होईल का, मला माहीत नाही.

या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द पैशाबद्दल. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय काम सुरू करू नका आणि काय करणार नाही हेही लिहून द्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. माझं एक बिल सात महिने अडकलं होतं; या कायद्याचा उल्लेख असलेलं नम्र पत्र पाठवल्यावर आठवड्यात जमा झालं.

जाता जाता, आपल्या समितीने मला सोसायटीच्या तक्रारींचं ॲप करायला सांगितलं आहे. मी आधी गेटवरची तक्रारवही मागून घेतली. त्यात पाणी आणि पार्किंग सोडून तिसरी तक्रार शोधायला मला बरीच पानं उलटावी लागली. बी विंगमधून तर वर्षभरात एकही नाही. तिथे सगळं उत्तम आहे की वहीपर्यंत कुणी येतच नाही, ते विचारायला या रविवारी घरोघरी येणार आहे. चहा नको, दहा मिनिटं द्या.