बालकांची लस, मनाचे आजार आणि आपला हक्क

(वर्षावासानिमित्त घाटंजी तालुक्यातील एका बुद्धविहारात दिलेले व्याख्यान)



वर्षावासात विहारात धम्मग्रंथाचे वाचन व्हावे, ही आपली रीत आहे. आज मी मात्र सरकारी दवाखान्याचा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. हा विषय धम्माबाहेरचा आहे, असे कृपा करून समजू नये. पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला एक भिक्खू भगवान बुद्धांच्या दृष्टीस पडला. त्यांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वहस्ते धुतले, उचलून खाटेवर निजविले, आणि मग इतर भिक्खूंना विचारले की, याची शुश्रूषा तुम्ही का केली नाही? उत्तर मिळाले की, तो आमच्या काही उपयोगाचा नाही. ज्याला जगाने निरुपयोगी ठरविले त्याचीही शुश्रूषा झालीच पाहिजे, असा नियम त्या दिवशी संघात झाला. ही एकच गोष्ट मनात ठेवून आपण आपल्या जिल्ह्याकडे पाहू.

३१ जानेवारी २०२१ हा दिवस आपण विसरलेला नाही. त्या दिवशी पल्स पोलिओची मोहीम होती. आपल्याच तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, कापसी-कोपरी येथे, पाच वर्षांखालील १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब घातले गेले. मुलांना उलट्या होऊ लागल्या. त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने मुले वाचली. कारवाईचे नाव निघाले ते तिघांवर : समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडी सेविका आणि आशा. साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आपल्या तालुक्याचे नाव आले, पण ज्या मायबापांनी सरकारवर भरवसा ठेवून आपले लेकरू पुढे केले होते, त्यांच्या मनाचे काय झाले असेल, हे मात्र थोड्यांनीच विचारले.

या घटनेतून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. पहिला असा की, सरकारी थेंब नकोतच. बंधूंनो, हा मार्ग आपला नव्हे. आपल्या आज्या-पणज्या लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत, कारण त्या रोगालाच देवीचे नाव होते. रोग हा देवीचा कोप मानला जाई. पटकी आली की मरीआईला नैवेद्य जाई, पण पाणवठ्याच्या घाण पाण्याकडे कोणी पाहत नसे. १९७५ साली देवीच्या रोगाचा शेवटचा रुग्ण या देशात आढळला आणि तो रोग गेला. तो नवसाने गेला नाही, लसीने गेला. पोलिओची देशव्यापी मोहीम १९९५ साली सुरू झाली, १३ जानेवारी २०११ नंतर या देशात पोलिओच्या रानटी विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांसोबत आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि मरीआईला कायमचा निरोप दिला. आता अफवेच्या रूपाने तिला पुन्हा घरात घेऊ नका.

दुसरा चुकीचा निष्कर्ष असा की, खालच्या तिघांना शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला. चूक झाली, त्याची जबाबदारी ठरलीच पाहिजे. परंतु आशाताई कोण आहे, हे आधी पाहा. ती आपल्यातलीच, आपल्याच वस्तीत राहणारी बाई आहे. सरकार तिला नोकर मानीत नाही, कामाच्या हिशेबाने मोबदला देते. बाळंतपणाची नोंद, लसीकरण, क्षयरोग्याची गोळी आणि करोनाच्या काळात घरोघरची पाहणी, ही सारी ओझी तिच्याच खांद्यावर पडली. तिला शिक्षण किती दिले, तिच्यावर देखरेख कोणी ठेवली, लसीच्या पेटीशेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवू नये हे तिला कोणी सांगितले, हे प्रश्न वरच्या कचेऱ्यांना विचारले गेले पाहिजेत. ओझे खाली आणि अधिकार वर, ही रचना आपल्याला फार जुनी ओळखीची आहे.

मग आपण काय करावे? लेकराला थेंब पाजण्यापूर्वी बाटली पाहण्यास मागा. लसीच्या बाटलीवर एक वर्तुळ असून त्यात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उष्णतेने बिघडलेली नाही. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती लस बाद समजावी. हे पाहण्यास पदवी लागत नाही, डोळे लागतात. असे विचारण्यात आशाताईचा अपमान नाही. उलट, चूक होण्यापूर्वीच तिला आपली मदत होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. लस आपल्या दाराशी येते. मोहिमेच्या दिवशी बूथवर मूल आले नाही तर कर्मचारी घरी येऊन विचारतात. हे चांगलेच आहे. परंतु त्याच घरात मुलाचा बाप महिनाभर झोपलेला नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर त्याची चौकशी करण्यास कोण येते? पोलिओचा विषाणू झोपडीतून माडीपर्यंत जातो, म्हणून माडीलाही झोपडीची काळजी करावी लागते. मनाचा आजार मात्र झोपडीतच राहतो, आणि म्हणून त्याची हाक वरपर्यंत पोचत नाही. माझ्या मते दोन्ही कामांना मिळणाऱ्या वागणुकीतील फरकाचे हे एक मोठे कारण आहे.

या जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. त्यानंतर कितीतरी आयोग, पॅकेजे आणि दौरे झाले. कर्ज, कापसाचा भाव, कोरडवाहू जमीन ही कारणे खरीच आहेत, आणि केवळ गोळ्या देऊन ती दूर होणार नाहीत. परंतु कर्जाखाली दबलेल्या माणसाला वेळेवर आधार आणि औषध मिळाले तर त्याचा जीव वाचू शकतो, हेही तितकेच खरे आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी एक लाख रुपयांची मदत सातबारा आणि कर्ज पाहून ठरते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्या शेतमजुराचा मृत्यू या हिशेबात बसत नाही. आपल्यातील कितीतरी घरे भूमिहीन आहेत. म्हणजे जिवंतपणी सातबारा नाही, आणि मेल्यावरही त्याच सातबाऱ्याची मागणी!

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबातील खचलेल्या माणसास ओळखण्याचे काम पुन्हा आशाताईवरच सोपविले गेले. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहून ठेवा. तरीही फोनवरचा दिलासा म्हणजे उपचाराचा शेवट नव्हे. उमरखेडच्या मजुराला डॉक्टरकडे यवतमाळला जावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास, दिवसाची मजुरी बुडते आणि सोबतच्या माणसाचीही बुडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात. लसीकरणात असा आकडा निघता तर दिल्लीत गदारोळ उडाला असता.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम १८ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. त्यात जात, धर्म, वर्ग वा लिंग पाहून भेद करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला उपचार मोफत मिळाले पाहिजेत. यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत नेहमी मोफत असली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावयाचा आहे. याच अधिनियमाच्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरावे, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. तेव्हा अशा माणसाला पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नका, दवाखान्यात न्या.

आणि भगताकडे तर मुळीच नेऊ नका. अंगात आले, करणी केली, बाहेरची बाधा झाली, असे म्हणून आजारी माणसाला मारणे, बांधणे, धूर देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. लेकराला लस टोचून घेणारा बौद्ध आपल्या वेड्या ठरलेल्या सुनेला मांत्रिकापुढे बसवीत असेल, तर त्याचे धर्मांतर अर्धेच झाले, असे मला नाइलाजाने म्हणावे लागते.

घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. परंतु ती मोडणाऱ्या सरकारला निवडणुकीत मतदारांपुढे उत्तर द्यावे लागेल, असे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते. ते उत्तर मागण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपविले आहे. ग्रामसभेत विचारा : आपल्या ग्रामीण रुग्णालयात मनाच्या आजाराची औषधे आहेत काय? मनोविकाराचा डॉक्टर महिन्यातून किती वेळा येतो? आशाताईचा मोबदला किती महिने थकला आहे? उत्तर लेखी मागा, आणि ते या विहारात वाचून दाखवा.

शेवटी पुन्हा त्या भिक्खूकडे येतो. कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून जो एकटा पडला होता, तसा माणूस आपल्या वस्तीत आज असेलच. आज रात्री घरी जाण्यापूर्वी त्याच्या दारावर थाप मारा, त्याच्याजवळ बसा, आणि दवाखान्यात जावयाचे असेल तर उद्या त्याच्यासोबत जा. एवढे केलेत तर आजचे व्याख्यान कारणी लागले, असे मी समजेन.

जय भीम! नमो बुद्धाय!