पैठणचे घर काशीत



काशीच्या दशाश्वमेध घाटावर पहाटे उभे राहिले असता भारतातील बहुतेक प्रांतांच्या भाषा कानी पडतात. यात्रेकरू येतात, स्नान करतात, विश्वेश्वराचे दर्शन घेतात आणि आपापल्या गावी परततात. काही वृद्ध माणसे परत न जाण्याच्या निश्चयाने येतात. या क्षेत्री देह ठेवावा एवढीच त्यांची इच्छा असते. आजच्या भाषणाचा विषय मात्र या दोन्ही प्रकारच्या माणसांहून वेगळा आहे. पत्नी, लहान मूल आणि पोथ्या बरोबर घेऊन जे कुटुंब काशीत राहण्यासाठी आले, त्याने त्या परक्या नगरीत घर कसे केले, हा तो विषय होय.

हे कुटुंब पैठणच्या भट्टांचे. त्याचा वृत्तान्त त्याच घरातील शंकरभट्टांनी ‘गाधिवंशानुचरित’ या संस्कृत ग्रंथात लिहून ठेवला. गोत्र विश्वामित्राचे आणि विश्वामित्र हे गाधीचे पुत्र, म्हणून ग्रंथाला हे नाव. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१२ साली काशीतील दक्षिणी पंडितांविषयी जो लेख लिहिला, त्याचा मुख्य आधार हाच ग्रंथ होता.

शंकरभट्टांचे आजोबा रामेश्वरभट्ट हे पैठणचे विद्वान. अध्यापन हाच त्यांचा व्यवसाय. कोल्हापूर, विजयनगर, द्वारका असा त्यांचा प्रवास झाला. द्वारकेच्या वाटेवर असताना शके १४३५ च्या चैत्रात, म्हणजे इसवी सन १५१३ मध्ये, त्यांना पहिला पुत्र झाला. तोच पुढे प्रसिद्धीस आलेला नारायणभट्ट. द्वारकेस काही वर्षे शिकवून कुटुंब पैठणला परतले, काही काळ तेथे राहिले आणि मग काशीला गेले. धाकटे दोन पुत्र, श्रीधर आणि माधव, काशीत जन्मले. पहिले मूल वाटेवर आणि पुढची दोन मुक्कामी, एवढ्यावरूनच या घराची भटकंती कोठे थांबली ते कळते.

आज दशाश्वमेधावर ज्या दगडी पायऱ्या दिसतात त्या तेव्हा नव्हत्या. या घाटाचे पक्के बांधकाम अठराव्या शतकात पेशव्यांच्या आणि अहिल्याबाई होळकरांच्या काळातले. शेजारचा अहिल्याबाई घाट ही त्याच काळाची आठवण होय. तथापि ‘दशाश्वमेध’ हे नाव जुने आहे. येथे ब्रह्मदेवाने दहा अश्वमेध केले अशी कथा सांगतात. विदर्भातील वाकाटकांच्या ताम्रपटांत त्यांच्या आजोळच्या भारशिव राजांचा उल्लेख येतो. भागीरथीच्या जलाने ज्यांचा अभिषेक झाला आणि ज्यांनी दहा अश्वमेध केले, असे ते राजे. घाटाचे नाव त्यांच्यावरून पडले असावे, असे अनुमान काशीप्रसाद जायसवाल यांनी मांडले. ते मान्य असो वा नसो, दक्षिणेचा आणि या घाटाचा संबंध पुष्कळ जुना असावा असे म्हणण्यास जागा आहे.

नव्या जागी दिवस उजाडला की पहिला बदल संकल्पात होतो. गोदावरीच्या उत्तर तीरी राहणारा मनुष्य स्नानसंध्येच्या वेळी दंडकारण्याचा आणि गोदावरीच्या तीराचा उच्चार करतो. काशीत त्याला आनंदवन आणि भागीरथीचे पश्चिम तीर म्हणावे लागते. नदीची दिशाही निराळी. पैठणची गोदा पूर्वेकडे वाहते, तर काशीपाशी गंगा वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. पश्चिमेचा काठ उंच, वस्तीचा; समोरचा काठ सखल, वाळूचा. पावसाळ्यात नदी फुगली की घाट पाण्याखाली जातात आणि काठावरच्या देवळांतूनही पाणी शिरते. १९७८ साली येथील पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. काठावरच्या प्रत्येक पिढीला हे वार्षिक गणित शिकावेच लागते.

याहून अवघड गणित महिन्यांचे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. म्हणून शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे एकच असते, पण कृष्ण पक्षाचे बदलते. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र काशीत फाल्गुन कृष्ण चतुर्दशीची होते. रात्र तीच, उपवासही तोच. केवळ महिन्याचे नाव निराळे. परंतु सर्वत्र असे निभावत नाही. उत्तरेत श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो. वटसावित्रीचे व्रत महाराष्ट्रातील स्त्रिया ज्येष्ठ पौर्णिमेला करतात, तर काशीतील शेजारणी त्याआधीच्या अमावास्येला वडाला सूत गुंडाळून मोकळ्या झालेल्या असतात. दक्षिणी घरातील सुनेने कोणता दिवस धरावा? गावाकडून आजोबा श्रावण वद्य पंचमीस वारल्याचे पत्र आले आणि काशीतील पंचांगाप्रमाणे ती तिथी धरली, तर श्राद्ध महिनाभर चुकेल. हा प्रश्न पोथीतला खरा, परंतु त्याचे उत्तर स्वयंपाकघरात हवे असते. संक्रांतीला शेजारी खिचडी आणि या घरी तिळगूळ, एवढा फरक सोसता येतो. पितरांचा दिवस चुकणे सोसवत नाही.

विवाहाचेही तसेच. देशस्थांत मामाची मुलगी करण्याची चाल होती. उत्तरेकडील पंडितांना ती निषिद्ध. परक्या नगरीत वसलेल्या घराला कुळाचार आणि देशाचार यांची तडजोड अशी पदोपदी करावी लागते. या घराण्याने पुढे जे ग्रंथ लिहिले, त्यांच्यामागे ही रोजची गरज नव्हती असे म्हणणे कठीण आहे. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. व्रते, तिथी, श्राद्धे यांचा निर्णय करण्यासाठी तो ग्रंथ महाराष्ट्रातील घराघरांतून आधारभूत मानला गेला.

घर चालले ते विद्येवर. फ्रेंच प्रवासी बर्निये सतराव्या शतकात काशीत आला होता. येथे युरोपातल्यासारखी एक मोठी शाळा नाही, असे त्याने लिहिले आहे. गुरू आपापल्या घरी किंवा उपनगरातील बागांतून शिकवत. कोणाजवळ चार, कोणाजवळ सहा-सात आणि फारच नामवंत असला तर बारा-पंधरा शिष्य असत. ते दहा-बारा वर्षे राहत आणि श्रीमंत व्यापाऱ्यांनी पुरवलेल्या शिध्यातून त्यांची खिचडी शिजे. भट्टांच्या घरचा क्रमही याहून फार निराळा नसावा. अशा घरातील स्त्रियांच्या वाट्याला केवढे काम येत असेल याची कल्पना करता येते. वंशवृत्त मात्र मुख्यत्वे पुरुषांचे आहे.

आता या घराच्या खऱ्या कसोटीकडे वळू. ज्या देवासाठी काशीला यायचे, त्याचे मंदिरच परचक्रात पडलेले असेल तर क्षेत्राला अर्थ काय उरतो? प्रयाग, काशी आणि गया यांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात नारायणभट्टांनी हा प्रश्न टाळला नाही. जुने लिंग काढून दुसरे बसवले असेल तर जे आहे त्याची पूजा करावी. कालवशात लिंगच नसेल तर त्या स्थानाला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा, असा त्यांचा निर्णय आहे. दैव हिरावले गेले तरी नित्यकर्म थांबवू नये, असे सांगणारा हा निर्णय आहे. अकबराच्या काळात तोडरमलाच्या साहाय्याने विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले त्याचे श्रेय परंपरा नारायणभट्टांनाच देते. ते मंदिर १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले. आजचे मंदिर अहिल्याबाईंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले. मधल्या शतकाहून अधिक काळात यात्रा चालूच होती. यात्रेकरू कोणत्या आधारावर येत होते, याचे उत्तर त्या निर्णयात सापडते.

दूर गेलेले घर मूळ गावाला विसरले नाही आणि गावही त्याला विसरले नाही. जातिधर्माचे वाद निर्णयासाठी काशीला येत. १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात भरलेल्या पंडितसभेने महाराष्ट्रातील एका ब्राह्मण समाजाच्या दर्जाविषयी निर्णयपत्र दिले होते. नारायणभट्टांचे पणतू विश्वेश्वरभट्ट, म्हणजेच घरगुती नावाने प्रसिद्ध असलेले गागाभट्ट, १६७४ साली रायगडावर आले आणि त्यांनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. पणजोबांचे वडील जो प्रदेश सोडून गेले होते, त्या प्रदेशाला आपला राजा शास्त्रोक्त ठरवण्यासाठी त्याच घरातला माणूस बोलवावा लागला. याच घरातील नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई आणि उत्तर कोकण येथील न्यायालयांत प्रमाण मानला जाई. वारसांच्या क्रमात आजीच्या लगोलग बहिणीला त्यात स्थान आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा होईपर्यंत तेथील किती तरी बहिणींच्या हक्काला काशीत लिहिलेल्या या ग्रंथाचा आधार होता.

भट्टांमागून दक्षिणेची आणखी घरे आली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या बाजूला मराठी वस्ती वाढली. पिढ्या गेल्या तशी घरची मराठी आणि बाहेरची हिंदी जवळ आल्या. १८८३ साली काशीतील मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार ठरले. त्यांना कोणी परका म्हटले नाही. अशा घरातील माणूस महाराष्ट्रात आला की लोक त्याला ‘काशीकर’ म्हणतात आणि काशीत तो ‘दक्षिणी’ असतो. ही दोन्ही नावे तो सहज स्वीकारतो. रामेश्वरभट्टांच्या मुलांनाही ती एकाच वेळी लाभली असतील, एवढे सांगून हे भाषण पुरे करणे उचित होईल.