बांधकामाच्या जागेवरील पहिली वर्षे
(वाराणसी येथे दिलेले व्याख्यान)



मी अभियंता नाही. माझा अभ्यासविषय मराठी आणि व्यवसाय भाषांतराचा. तरीही स्थापत्यशास्त्राच्या पदवीधरांपुढे उभे राहण्याचे धाडस मी करतो आहे, याला एक कारण आहे. बांधकामावरील पुस्तके मराठीत आणताना कोश अपुरा पडला की मला गवंड्याकडे जावे लागते. ओळंबा, गुण्या, थर, सांधा हे शब्द त्याच्यापाशी तयार असतात, कारण ती हत्यारे आणि ती कामे रोज त्याच्या हाताखालून जातात. मला शब्दांच्या बाबतीत जो अनुभव आला, तो तुम्हांला ज्ञानाच्या बाबतीत येणार आहे. पदवी तुम्हांला बांधकामाच्या जागेपर्यंत नेऊन पोहोचवील. पुढचे शिक्षण तेथेच व्हावयाचे आहे.

या शिक्षणाचा पहिला धडा आपल्याला काशीतच मिळतो. येथील गंगेचा काठ मराठी माणसाला परका नाही. अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. पुढे 1830 च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी मणिकर्णिकेजवळ एक भव्य घाट बांधविला. धनाची उणीव नव्हती आणि कारागीरही कसलेले होते. तथापि त्या अवजड दगडी बांधणीचा भार खालच्या जमिनीला पेलवला नाही. घाट खचला आणि विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही कललेल्या स्थितीत उभे आहे. वर दिसणारी शोभा कितीही मोठी असली, तरी वास्तूचे आयुष्य न दिसणाऱ्या भागावर अवलंबून असते, हे सांगावयास याहून वेगळे पुस्तक नको.

याच नदीवर राजघाटाजवळचा पूल 1887 मध्ये खुला झाला. त्याला प्रथम डफरिन यांचे नाव होते. 1948 पासून तो मालवीय पूल म्हणून ओळखला जातो. त्याच्या खालच्या मजल्यावरून रेल्वे जाते आणि वरच्या मजल्यावरून रस्ता. त्याचे खांब विहिरींच्या पायावर उभे आहेत. बांधीव विहिरीच्या आतील वाळू उपसत जायची आणि विहीर स्वतःच्या भाराने खाली उतरू द्यायची, अशी ही रीत. विहीर सरळ उतरते आहे की कलते आहे, हे जागेवर उभे राहून, रोज मोजून पाहावे लागते. कचेरीत बसून ते कळत नाही.

आपल्या देशातील अभियांत्रिकी शिक्षणाचा उगमच मुळी अशा कामांतून झाला. गंगेच्या कालव्याला माणसे हवी होती, म्हणून 1847 मध्ये रुरकीचे विद्यालय निघाले. सार्वजनिक बांधकामासाठी माणसे तयार करावीत, म्हणून 1854 मध्ये पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग सुरू झाला. काशीत मालवीयजींच्या विश्वविद्यालयाने 1919 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. त्याच परंपरेतून आलेली संस्था 2012 पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था म्हणून नांदते आहे. काम आधी आणि वर्ग नंतर, असा हा क्रम होता. आज तो उलटा झाला आहे. चार वर्षे वर्गात काढल्यावर विद्यार्थी कामाचे तोंड पाहतो.

तुमच्यापुढे वाटा अनेक आहेत. स्पर्धा परीक्षा देऊन बांधकाम, पाटबंधारे वा रेल्वे खात्यात जाता येते. कंत्राटदार कंपनीत जागेवरचा अभियंता होता येते. संकल्पचित्रांची कचेरी आहे, अंदाजपत्रके व मोजमापे आहेत, साहित्याची चाचणी आहे. व्यवस्थापन शिकावयाचे असेल, तर 1983 मध्ये स्थापन झालेल्या निकमारसारख्या संस्था आहेत. शिकाऊ उमेदवारांसाठी 1961 मध्ये कायदा झाला आणि 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. वाट कोणतीही धरा, पहिली दोन-तीन वर्षे जागेवर काढा, एवढेच माझे सांगणे आहे. ऊन, धूळ, घरापासून दूरची वस्ती आणि सुरुवातीचा तुटपुंजा पगार यांमुळे अनेक जण ती टाळतात. त्यांची अडचण मला समजते. परंतु त्या वर्षांत जे मिळते ते पुढे विकत घेता येत नाही.

ते काय, हे एका उदाहरणाने सांगतो. पुण्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. सुरुवातीलाच त्यांच्याकडे खानदेशात पांझरा नदीच्या पात्रातून नळाची वक्रनलिका टाकण्याचे काम आले. पावसाळ्यात पूर आणि गाळ यांमुळे काम पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा हा तरुण पुन्हा कामाला लागला आणि त्याने ते पुरे करून दाखविले. या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. नदी पाहून आपले मत कारणांसह कळविण्याचे धैर्य, ही पहिली. मत मान्य झाले नाही म्हणून काम टाकून न जाता, धोका ओळखून ते पार पाडण्याचे कसब, ही दुसरी.

मात्र धोका दुसऱ्याच्या जिवाचा असेल, तेथे केवळ मत कळवून भागत नाही; काम थांबवावेच लागते. याच शहरात 15 मे 2018 रोजी कँट स्थानकाच्या परिसरात बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या तुळया खालच्या वाहनांवर कोसळल्या. किमान पंधरा माणसे दगावली. तुळया आडव्या तुळयांनी जखडलेल्या नव्हत्या आणि खालची रहदारी थांबविलेली नव्हती, असे चौकशीत पुढे आले. यांपैकी कोणतीही गोष्ट कळण्यासाठी अवघड गणित लागत नाही. ‘आधी जखडा, रस्ता बंद करा, मग पुढे जा’ असे ठामपणे म्हणणारा माणूस तेथे हवा होता.

मित्रहो, तो माणूस उद्या तुमच्यापैकी कोणी असेल. मुदत जवळ आलेली असेल, वरून घाई होत असेल, आणि कागदावर सही तुमची असेल. त्या क्षणी ‘थांबा’ म्हणण्याचे बळ पदवीतून येत नाही. ज्याने स्वतः ओळंबा धरून पाहिला आहे, पायाच्या चरात उतरून माती हातात घेतली आहे, मिस्त्रीला विचारण्यात ज्याला कमीपणा वाटलेला नाही, त्याच्याच शब्दाला तेथे वजन येते.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले एक वजन. त्याला कोणाची पदवी ठाऊक नसते आणि कोणाची भीडही नसते. भिंत कलली असेल तर तो तसे दाखवितो. तुमच्या हातून होणाऱ्या प्रत्येक कामात तुमचा शब्द असाच सरळ राहो, ही शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.