नाट्यगृह कोणाचे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



पन्नास वर्षांच्या वाटचालीबद्दल मंडळाचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी विषयाकडे वळतो. कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाविषयी मला बोलावयाचे आहे. परप्रांतातील मंडळात कोल्हापूरच्या वास्तूची चर्चा कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. पण केशवरावांनी 1908 साली ‘ललितकलादर्श’ नाटकमंडळी स्थापन केली ती हुबळीस. मराठी रंगभूमीचा संसार महाराष्ट्राच्या सीमेत कधीच मावला नाही. तेव्हा या प्रश्नावर बोलण्याचा आपलाही हक्क आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी हे नाट्यगृह 1915 साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उभे केले. त्याला लागूनच त्यांनी बांधलेले खासबाग कुस्ती मैदान. मल्ल आणि नट यांना शेजारी बसविणारा राजा विरळाच! पुढे 1957 साली नाट्यगृहाला केशवरावांचे नाव मिळाले. 9 ऑगस्ट 1890 रोजी जन्मलेल्या या गायक नटाने 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्वांसह टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, इहलोकीची यात्रा संपविली.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. छप्पर कोसळले, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. शासनाने 20 कोटी रुपयांची घोषणा केली, आणि वास्तू पुन्हा उभारावी याविषयी दुमत उरले नाही. मतभेद सुरू होतात ते ‘कशी’ आणि ‘कोणी सांभाळावी’ या दोन प्रश्नांपाशी.

पहिल्या प्रश्नावर एक पक्ष म्हणतो, वास्तू होती तशीच व्हावी. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळी, नटाचा उघडा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून नाट्यगृहे बांधली जात. छताची उंची आणि लाकूडकाम बदलले की तो नादही बदलतो. दुसरा पक्ष म्हणतो, ज्या लाकडाने पेट घेतला तेच पुन्हा वापरावे काय? आजच्या प्रेक्षकाला सुरक्षितता हवी, वातानुकूलन हवे, कलावंताला बरे रंगपट हवेत. माझ्या मते या दोहोंत तडजोड अशक्य नाही. दर्शनी रूप आणि ध्वनीचा गुण जुना राखावा. वीजव्यवस्था, अग्निरोधक साहित्य आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांत मात्र जुन्याचा मोह धरू नये.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. इमारत उभी करण्यास निधी लागतो, आणि संकटकाळी तो मिळतो. पुढे दररोज लागते ती निगा, आणि तिच्यासाठी कोणी घोषणा करीत नाही. काही म्हणतात, मालकी महापालिकेची आहे, कारभारही तिनेच पाहावा. नागरिकांना जाब विचारावयास एक जागा राहते. काही म्हणतात, स्वतंत्र विश्वस्त मंडळ हवे. खाजगी ठेकेदाराचाही मार्ग सुचविला जातो. पण भाडे वाढले की हौशी संस्था आणि नवशिके नाटककार प्रथम बाहेर पडतात, हे विसरून चालणार नाही.

मला योग्य वाटते ते असे. मालकी महापालिकेकडेच असावी. कारभार पाहणाऱ्या समितीत रंगकर्मी, तंत्रज्ञ आणि प्रेक्षक यांना स्थान असावे. भाड्याचे उत्पन्न वेगळ्या खात्यात राहून त्याच वास्तूवर खर्च व्हावे. तारखांचे वाटप उघडपणे व्हावे. वीज आणि अग्निशमन यांची तपासणी दरवर्षी होऊन तिचा अहवाल दारावर लावला जावा. ज्या नाट्यगृहाचा हिशेब प्रेक्षकाला पाहता येतो, ते नाट्यगृह त्याला आपले वाटू लागते.

मित्रहो, आपल्यासारख्या मंडळांनीही ठिकठिकाणी वर्गणी जमवून सभागृहे बांधली. कोनशिलेवर देणगीदारांची नावे आहेत. पण पुढील पन्नास वर्षे छत कोण शाकारील, हे कोठे लिहून ठेवले आहे काय? शाहू महाराजांनी वास्तू दिली, केशवरावांनी तिला नाव दिले. तिचा सांभाळ मात्र प्रत्येक पिढीला नव्यानेच करावा लागतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण आपल्या वास्तूसाठी एक देखभाल निधी सुरू करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.