बारा महिने, बारा विज्ञानकथा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेल्या वर्षी ठरवलं, दर महिन्याला एक विज्ञानकथा वाचायची. बहुतेक वाचन ऑफिसच्या बसमध्ये झालं.

सुरुवात केली रुकैया सखावत हुसैन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’पासून. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आलेली ही कथा. तिच्यातल्या देशात पुरुष पडद्यात राहतात आणि बायका राज्य चालवतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, पाणी थेट ढगांतून येतं. रुकैया स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा उघडली. आधी कल्पना, मग शाळा.

नंतर इराकी लेखक अहमद सादावी यांची ‘फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद’ वाचली. बॉम्बस्फोटांत मेलेल्यांच्या अवयवांतून एक देह उभा राहतो आणि सूड घेत सुटतो. हळूहळू निरपराध कोण आणि गुन्हेगार कोण, हेच कळेनासं होतं.

आपल्याकडे मुसलमानांचा विषय निघाला की चर्चा बादशहांपाशी जाते, आणि आपणही खुलासे देत तिथेच अडकतो. पन्नास वर्षांनी मालेगावची मुलगी काय करत असेल, हे कोणी विचारत नाही. विज्ञानकथा विचारते, ‘असं झालं तर?’ हा प्रश्न एकदा जिभेवर बसला की तो घरातल्या रूढींनाही विचारता येतो.

‘सुलतानाज ड्रीम’ एका बैठकीत संपते. बहीणभाऊ मिळून वाचा. मग आपल्या गावाच्या २०७५ सालाबद्दल दोन पानं लिहा, मराठीत किंवा उर्दूत.