पॅलेस्टाइनची तरुण मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली; राजकारणातले डावपेच मी काय सांगणार? पॅलेस्टाइनमध्ये लढाईत वाढणारी मुले कशी जगतात आणि मनात काय धरतात, तेवढेच सांगते.

१९४८ साली इस्राएलची स्थापना झाली. त्या लढाईत सुमारे सात लक्ष पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. चार दिवसांत परत येऊ म्हणून कित्येकांनी कुलूप लावून किल्ली बरोबर घेतली. परतणे झालेच नाही. पुष्कळ घरांत ती किल्ली अजून जपलेली आहे. निर्वासितांच्या छावणीत जन्मलेल्या मुलाला गाव विचारा, तो आजोबांचे, कधी न पाहिलेले गाव सांगतो.

गाझा पट्टी म्हणजे ३६५ चौरस किलोमीटरचा तुकडा. त्यात वीस लाखांहून अधिक माणसे, जवळजवळ निम्मी अठरा वर्षांखालची. २००७ पासून तिची नाकेबंदी झाली. त्या वर्षी जन्मलेल्या मुलीने २००८, २०१२, २०१४, २०२१ आणि मग २०२३ अशा लढाया पाहिल्या. आपण मुलांची वर्षे इयत्तांवरून आठवतो, तिची आई लढायांवरून आठवते. पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी इस्राएली सैनिकांच्या चौक्या. कॉलेजला निघालेला मुलगा वेळेवर पोहोचेल, याचा भरवसा नाही.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेंच्या आसपास ओलीस नेली, हेही सांगितले पाहिजे. त्या आयांचे दुःखही दुःखच. त्यानंतर इस्राएलने केलेल्या युद्धात गाझात हजारो मुले गेली. शाळा पडल्या, उरल्या त्यांत बेघर कुटुंबांनी आसरा घेतला.

आपल्या बारावीसारखी तिकडे 'तौजिही' परीक्षा असते. २०२४ साली गाझातली सुमारे एकोणचाळीस हजार मुले तिला बसू शकली नाहीत. २०२५ साली अडकलेल्या मुलांसाठी ती इंटरनेटवरून घेतली, तेव्हा कोणी तंबूत, कोणी कॉफीच्या दुकानात बसून पेपर दिले. घर पडते, जमीन जाते, शिकलेले मात्र कोणी हिरावून नेत नाही, ही तिथल्या आईबापांची शिकवण आहे.

सगळ्या मुलांचे मत एक नाही. कोणी 'सुमूद' म्हणतो, म्हणजे पाय रोवून राहणे. कोणाला परदेशी जाऊन संसार थाटावासा वाटतो. पुढाऱ्यांवर रागही पुष्कळांचा आहे. तिथल्या संसदेची निवडणूक २००६ साली झाली, ती २०२५ संपेपर्यंत पुन्हा झाली नाही. पस्तिशीच्या आतल्यांना तोवर त्यासाठी मत देण्याची संधीच मिळाली नव्हती.

भगिनींनो, वर्तमानपत्रातला मेलेल्यांचा आकडा वाचून पान उलटू नका. मुलांसमोर कोणत्याही जातीधर्माला सरसकट शिव्या घालू नका. आणि आपल्या गल्लीत लहानसहान सबबीवर मुलीची शाळा सोडवायचे कोणी काढले, तर तंबूत पेपर लिहिणारी ती मुलगी त्यांना सांगा.