संगणकाच्या बाजारात पुढारपण कुणाचं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तुझं आयुष्य कॉम्प्युटरच्या धंद्यात गेलं, त्यावरच बोल." तर मोठ्या कंपन्यांच्या चढाओढीबद्दल थोडं बोलतो. आपल्या पिंपळगावच्या मिरची बाजारात वावरलेल्यांना ती समजायला अवघड नाही.

१९८१ साली अमेरिकेच्या आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. मोठ्या संगणकांत तेव्हा तिचाच दबदबा होता. पण काम लवकर व्हावं म्हणून तिने प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. तीच सिस्टिम इतरांना विकण्याचा हक्क मात्र मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला. मग कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी आयबीएमशी जुळणारी यंत्रं काढली. १९८७ साली आयबीएमने पीएस/२ मध्ये स्वतःची नवी रचना आणली. ती वापरायची तर इतरांनी परवान्याचे पैसे मोजायचे. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी रचना जाहीर केली. अखेर २००५ मध्ये आयबीएमने पीसीचा धंदाच चीनच्या लेनोव्होला विकून टाकला.

शेतकरी मिरची पिकवतो, तोडणीची मजुरी देतो, गाडीभाडं सोसतो; भाव मात्र दुसराच ठरवतो. आयबीएमचं तसंच झालं. फरक एवढाच, की तिने तराजू स्वतःच्या हाताने दुसऱ्याला दिला.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, संगणक दुरुस्ती शिकले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडायचे. धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारा प्रोग्राम लिहिला. त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. नॉर्टन, मॅकॅफी असे परदेशी मल्ल समोर असताना ही कंपनी टिकली आणि २०१६ साली शेअर बाजारात गेली. वाट तरीही सोपी नव्हती. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हायरसविरोधी सोय फुकटच आत घालून दिली. ज्याच्या जागेत दुकान, त्यानेच शेजारी तोच माल फुकट वाटायला काढावा, तसं हे. अशा वेळी नुसत्या घरगुती गिऱ्हाइकावर भागत नाही. कंपन्या, कार्यालयं अशी नवी गिऱ्हाइकं जोडावी लागतात.

गुरुजनहो, हे सगळं सांगण्यामागे एक काळजी आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीने गावोगावी संगणक पोचवला, हे फार मोठं काम झालं. पण आपली बहुतेक पोरं शिकली ती दुसऱ्याने केलेला प्रोग्राम वापरायला. काटकर बंधूंनी यंत्र उघडून पाहिलं, बिघाड कुठे आहे ते शोधलं. तिथेच त्यांचा धंदा जन्मला.

म्हणून वर्गमित्रांना एक विनंती. घरात, ऑफिसात पडून असलेले जुने संगणक आपल्या शाळेला द्या. शोभेला नकोत, पोरांना खोलून बघायला, त्यावर फुकट मिळणारं लिनक्स टाकायला, बिघडवायला आणि पुन्हा जोडायला हवेत. महिन्यातून एक रविवार शिकवायला मी येईन. गुरुजींनी फक्त खोलीची किल्ली द्यावी.

माल पिकवणारे आपल्याकडे खूप आहेत. तराजू हातात धरणारे दोन-चार या शाळेतून निघावेत, एवढीच इच्छा.